अनफीशनं नेलेला माणूस

लोकांना ऐकायचं असतं ते अनफीशबद्दल. त्याची आयाळ किती लांब होती, अंगाला हात लागला की माणूस खरंच भाजतो का, डोळे रेड्यासारखे की सापासारखे. माझ्या आईनं त्याला पाहिला होता ना, म्हणून सगळे माझ्याकडे येतात. आईबद्दल मात्र कुणी एक शब्द विचारत नाही. ती काय खायची, कुठं झोपायची, तिचे गुडघे का धरायचे, कुणाला काही पडलेली नाही. म्हणून मी आता उलटं करणार आहे. आईबद्दल सांगते, त्यात अनफीश येईल तेवढा येईल. नको असेल त्यानं चहा पिऊन उठावं.

तिचं नाव नश्मिया. आमच्या दलदलीत बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून ती गावाची 'जुरैदीची आई'. जुरैदी म्हणजे उंदीर. माझ्या भावाच्या आधीची मुलं पाळण्यातच गेली, तेव्हा याला दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नाव उंदीर ठेवलं. अशी नावं आमच्याकडे घरोघरी. कुत्रा, कोल्हा, शेण, काय वाटेल ते. मुलींना मात्र छान छान नावं, कारण मुलीला कोण दृष्ट लावणार? माझं नाव तिस्वाहीन, म्हणजे सगळ्याजणींच्या तोडीची एकटी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आई आमच्या घरात नांदायला आली नव्हती, मिटवायला आली होती. तिच्या चुलत्यानं माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाला मारलं होतं, पाण्याच्या वाटेवरनं. खुनाला खून नको असेल तर मारणाऱ्याच्या घरातली मुलगी द्यायची, असा आमचा रिवाज. अशा मुलीला फसलिया म्हणतात. फसलियाला ढोल नाही, गाणी नाहीत, बायका तोंडावर हात ठेवून लुलुलुलु करत नाहीत. होडीतून आणतात, काठावर उतरवतात, झालं लग्न. आई आली तेव्हा माझ्या आजीनं तिला दारातच विचारलं, "जेवलीस का?" आई म्हणाली, नाही. "मग तुझ्या काकाकडे माग. माझ्या पोराला त्यानं खाल्लंय, त्याच्याकडे उरलं असेल."

असं ते घर. ती म्हशींच्या गोठ्याकडच्या बाजूला झोपायची, ओल्या चटईवर, म्हणून गुडघे गेले. पहाटे उठून शेण थापायची, दूध काढायची, म्हशींना कोवळा बोरू कापून आणायची, तांदळाच्या भाकऱ्या भाजायची आणि सगळे जेवल्यावर तव्याला चिकटलेलं खरवडून खायची. वडिलांना राग आला की ते आधी मेलेल्या भावाचं नाव घ्यायचे आणि मग हात उगारायचे. ते नाव ऐकलं की मी न बघताच समजायचे. आई ओरडायची नाही. मला वाटायचं, हिला लागतच नाही. पुढं लघवीतून रक्त जाऊन जाऊन वडील वारले, आजीही गेली, आणि घरात आम्ही तिघं उरलो. तेव्हा पहिल्यांदा मी आईला चुलीपाशी बसून गरम भाकरी खाताना पाहिलं. साय लावून खाल्ली तिनं. एवढंच तिचं सुख, आणि तेही फार टिकलं नाही.

आता अनफीश. आमचं गाव हदाम. गावाच्या मावळतीला बोरूचं बन आणि बनापलीकडे तळं, एवढं मोठं की मध्ये गेलं की कुठलाच काठ दिसत नाही. त्या मधल्या पाण्यात तो राहतो, म्हशीच्या पोटाएवढा जाड साप, मानेवर घोड्यासारखी आयाळ. त्यानं नेलेल्या माणसाला शोधायचं नाही, हा नियम. का? तर अनफीश माणसाला खातो तेव्हा आवाजही खातो, आणि मग त्याच आवाजात हाका मारतो. ओळखीच्यांची नावं घेतो. ज्यानं ओ दिली तो गेलाच. म्हणून माणूस गेला की काही दिवस तळ्यात कुणी होडी घालत नाही आणि हाकेला कुणी उत्तर देत नाही. माझ्या आजीनं म्हणे त्याची शेपूट पाहिली होती. आजी खोटं बोलायची ती फक्त भाकऱ्या किती उरल्या त्याबद्दल, तेव्हा हे खरं असेल असं मी धरून चालत होते.

मी तेरा-चौदा वर्षांची असेन. थंडीचे दिवस. जुरैदी पहाटेच मासे मारायला गेला होता, तो उजाडता उजाडता परत आला. हातात मासा नाही, भाला नाही, आणि अंगरख्यावर रक्त.

"भाला कुठाय?" आईनं विचारलं.

"वावीत," तो म्हणाला.

वावी हा आमच्याच गावचा, पण दुसऱ्या कुळातला. वावी म्हणजे कोल्हा. आईबाप नव्हते त्याला, काकानं वाढवलेला. जुरैदीच्याच वयाचा. लहानपणी दोघं एकाच म्हशीवर बसून पोहायचे.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या वर्षी पाणी गढूळ होतं, भाल्यानं मासा सापडेना, तर माझ्या शहाण्या भावानं बाजारातून चोरून जाळं आणलं होतं. तुम्हाला यात काही वाटणार नाही. आमच्यात जाळं टाकणं म्हणजे शेण खाणं. मर्दानं मासा मारावा तो भाल्यानं. जाळंवाले वेगळे, त्यांच्याशी आमचा रोटीबेटीचा व्यवहार नाही, त्यांच्या हातचं पाणीही आमचे म्हातारे पीत नसत. वावीनं त्याला जाळं ओढताना बघितलं आणि हसत सुटला. म्हणाला, आज बैठकीत सांगतो सगळ्यांना. आता तिस्वाहीनलाही जाळंवाल्यांच्यात देऊन टाक, तशीही तिची आई भरपाईतच आलेली आहे. यावर जुरैदीनं भाला फेकला.

"मेला?" आई म्हणाली.

"पाण्यात पडला. वर आला नाही."

आईनं त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी परातीत पीठ मळत होते. ती काय बघतेय ते मला कळायला वेळ लागला नाही. खून झाला होता, भरपाई मागितली जाणार होती, आणि मारणाऱ्याच्या घरात द्यायला मुलगी एकच होती.

"मळ गं, थांबू नको," ती म्हणाली, आणि भावाला तिनं तशाच ओल्या अंगरख्यात दूधवाल्याच्या होडीत घालून अमारा शहराकडे पाठवून दिलं. तिथं विटांच्या भट्ट्या होत्या, कामाला माणसं लागायची, नाव-गाव कुणी विचारायचं नाही.

दुपारपर्यंत वावीची रिकामी होडी सापडली. त्याचा काका गदबान, हा उंचापुरा, तापट पण मनानं वाईट नसलेला माणूस, शेखच्या मुदीफमध्ये येऊन उभा राहिला. मुदीफ म्हणजे बोरूच्या कमानींची आमची लांबलचक बैठक, गावाचे सगळे निवाडे तिथंच. पहाटे तळ्यावर आणखी कोण होतं, असं तो एकेकाला विचारू लागला. कुणीतरी म्हणालं, जुरैदी होता. जुरैदी कुठाय? जुरैदी दिसत नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

मुदीफमध्ये बायका जात नाहीत. आई दारात जाऊन उभी राहिली.

"मी पाहिलंय," ती म्हणाली. "मी बोरू कापत होते. वावीच्या होडीखालचं पाणी फुगलं. आयाळ दिसली. मग तो नव्हता. माझा मुलगा बघून असा घाबरला की पळून गेला."

आत कुणी कॉफीचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"अल्लाची शपथ?" गदबाननं विचारलं.

"अल्लाची शपथ."

"ते राहू दे. अब्बासची घे."

अल्लाची शपथ आमच्याकडे लोक उठता-बसता घेतात. मासा ताजा आहे, अल्लाची शपथ. म्हैस गाभण आहे, अल्लाची शपथ. अल्ला दयाळू, तो सोडून देतो. हजरत अब्बास तापट. त्यांच्या नावानं खोटं बोलणाऱ्याचं तोंड वाकडं होतं, म्हशी पडतात, घर बसतं. खून पचवलेली माणसं अब्बासचं नाव निघालं की रडत कबूल झालेली मी पाहिली आहेत.

आईनं शपथ घेतली. सरळ उभी राहून, मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी.

गदबान मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. खुनाची गोष्ट तिथंच संपली. जनावराकडून भरपाई कोण मागणार? संध्याकाळी बायका आमच्याकडे साखर, चहा घेऊन आल्या. जी बाई कालपर्यंत भरपाईची होती, तिचा हात धरून त्या विचारत होत्या, तुला भाजलं तर नाही ना गं. त्या गेल्यावर आईनं पाण्याच्या घमेल्यात स्वतःचं तोंड बघितलं. ओठांवरून बोट फिरवलं. सरळच होतं.

"झालं," मला म्हणाली. "आता तू जेव."

खरं सांगते, मी पोटभर जेवले. वावी मेला याचं मला वाईट वाटलं नाही. मी घरी राहणार होते, आईजवळ, आणि कधीतरी ढोल वाजवत जाणार होते. बाकी जग बुडालं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तळ्याकडून हाक आली.

वारा पडला होता, पाणी काचेसारखं, अशा वेळी आवाज लांबून येतो. "गदबान काका," असा. मग पुन्हा. सगळं गाव जागच्या जागी थिजलं. मग दारांवर चटया सोडल्या गेल्या, डबे बडवायला सुरुवात झाली, लोक कुराणातल्या आयती म्हणायला लागले. तो आवाज एकेकाचं नाव घेत होता. ज्याचं नाव येई त्या घरात रडारड, बाया त्या माणसाचं तोंड दाबून धरत, न जाणो याच्या तोंडून ओ निघायची. गदबान स्वतः घराच्या कोपऱ्यात गोधडीत डोकं खुपसून बसला होता. त्याच्या बायकोनं त्याचे हात बांधून ठेवले होते, इतका तो उठून जायला बघत होता. त्याला वाटत होतं, अनफीश माझ्या पोराच्या आवाजात बोलवतोय. सगळ्यांना तेच वाटत होतं. आख्ख्या हदाममध्ये दोघींनाच ठाऊक होतं की अनफीश नाहीच. म्हणजे तो कोण ओरडतोय, हेही दोघींनाच ठाऊक होतं.

आई शेणाचा गोळा हातात घेऊन बसली होती. थापत नव्हती, टाकत नव्हती.

"वारा आहे आई," मी म्हणाले.

"वारा माणसांची नावं घेत नाही."

रात्रभर ती बसूनच होती. सकाळी आवाज बारीक झाला होता, पण जवळून येत होता. आमच्याकडे बोरूच्या मुळ्यांची तरंगती बेटं असतात, वाऱ्यानं सरकतात, तसलं एखादं त्याला घेऊन गावाकडे सरकलं असावं. नावं संपत आली होती. काका झाला, चुलते झाले, दोस्त झाले, शेख झाला. मग तो म्हणाला, "जुरैदीची आई."

शेजारच्या बायका काठावर भांडी घासत होत्या. सगळ्या वळून आईकडे बघायला लागल्या. "कान झाक," एकजण म्हणाली. "बाई, ओ देऊ नकोस."

"जुरैदीची आई," पुन्हा आलं. जरा थांबून, पुन्हा.

आई उठली, फडक्यात भाकरी बांधली, दुधाचं भांडं घेतलं आणि होडी सोडायला लागली. बायकांनी तिला धरलं, तिचा झगा ओढला. ती म्हणाली, "मला एकदा बघून सोडलंय त्यानं. सोडा." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चल, पुढं बस." मोठी होडी एकट्यानं हाकता येत नाही, पुढं वल्हं लागतं. दुसरं कोण येणार होतं तिच्याबरोबर? सगळं गाव तर तिनंच घाबरवून घरात बसवलं होतं.

बन संपून तळं लागलं तिथंच वावी दिसला. बेटावर अर्धा पाण्यात, अर्धा वर. भाला त्यानं स्वतःच उपसून काढला होता, शेजारी पडला होता. उजवा दंड काळानिळा होऊन मांडीएवढा झाला होता, वर माश्या. तोंडाला चिखल, कारण तो बोरूची मुळं चावत होता. आम्हाला बघून त्याला आनंद झाला नाही, तो घाबरला.

"खरी आहेस का तू?" त्यानं आईला विचारलं. "मी सगळ्यांना हाका मारल्या. गावात कुणी उरलंय की नाही?"

आईनं काठी तळाशी रोवली आणि होडी थांबवली. हातभर पाणी होतं मध्ये. ती तशीच उभी राहिली.

मी मागं वळले. "आई, परत फीर."

तिची नजर त्याच्यावरच होती.

"आई, तो तसाही मरतोय. बघ ना हात. तो मरतोय."

"दिसतंय मला."

"त्यानं तोंड उघडलं की मला देतील."

"हो," आई म्हणाली.

"आई. आई गं. आई."

मी हे सांगते त्याची मला लाज नाही. लोक म्हणतील, पोरगी किती निर्दय. ज्यानं तव्याचं खरवडून खाणारी आई पाहिलेली नाही त्यानं मला शिकवू नये. मी आज तिथं असते तरी हेच म्हटलं असतं.

तिनं काठी उचलली, होडी बेटाला लावली आणि त्याला बगलेत धरून ओढून घेतलं. माझ्या मांडीवर त्याचं डोकं ठेवलं, दुसरीकडे जागाच नव्हती. भाकरी दुधात कुस्करून ती त्याला भरवत होती, आणि मी वल्हं मारत होते. भान आल्यावर त्याला सगळं उमगलं असावं, गाव ओ का देत नव्हतं तेही. तो अडखळत म्हणाला, "काकी, मी अनफीशच म्हणेन. जुरैदीचं नाव नाही घेणार."

आईनं त्याच्या दंडाकडे बघितलं. आमचा मासे मारायचा भाला पाच पात्यांचा असतो. दंडापासून छातीपर्यंत एका ओळीत पाच भोकं होती, मोजून मापून पाडल्यासारखी.

"पाच दातांचा अनफीश कुणी ऐकलाय, बाळा," ती म्हणाली. "तू दूध पी."

काळोख होईपर्यंत बनात थांबता आलं असतं. गावाबाहेर उतरवून पळता आलं असतं. मी हेही सुचवलं. तिनं होडी सरळ मुदीफच्या पायरीला आणून लावली, भर उन्हात. लोक आधी पळाले, त्यांना वाटलं मेलेला आणलाय. मग गदबान आला, हाताला दोरीचे वळ घेऊन. त्यानं पोराच्या तोंडाला हात लावला, कपाळाला लावला, नाकाशी धरला. त्याचा चेहरा असा उजळला की मलासुद्धा क्षणभर बरं वाटलं. मग त्यानं अंगरखा बाजूला केला.

हात अमाराला नेऊन कापावा लागला. वावी जगला. निवाड्याच्या दिवशी तो मुदीफमध्ये उशीला टेकून बसला होता आणि विचारलं तेव्हा म्हणाला, "अनफीश होता." पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणाला. बोललेला शब्द त्यानं पाळला, तेवढं त्याचं मान्य करायला हवं. कुणी ऐकून घेतलं नाही एवढंच. भाला आणून पात्यावर पातं धरून दाखवलं त्यांनी.

मध्यस्थीला बाहेरगावचे सय्यद आले होते. ते म्हणाले, तरुण पोरं भांडली, हात गेला, जीव नाही गेला. चार म्हशी घ्या आणि मिटवा.

गदबान उठला. "भाल्याचं मी सोडून देतो," तो म्हणाला. "भाल्याला म्हशीसुद्धा नकोत. पोरं आहेत, माझ्या हातूनही एकेकाळी काय काय झालंय. पण माझं पोर माझं नाव घेऊन ओरडत होतं, आणि मी कान झाकून बसलो होतो. माझ्या हाताला दोरी बांधून घेतली मी. का? या बाईनं अब्बासची शपथ घेतली म्हणून." त्यानं दोन्ही मनगटं पुढं धरली. मग म्हणाला, "त्या शपथेची भरपाई पाहिजे मला. मुलगी पाहिजे."

आई दारात होती, त्याच जागी. म्हणाली, "शपथ माझी. मला घ्या. मी काम करते अजून."

आतून कुणीतरी म्हणालं, "तुला एकदा देऊन झालंय, बाई." दोघं-तिघं हसलेही.

सय्यदांनी पुष्कळ समजावलं. पण त्या बैठकीत असा एकही माणूस नव्हता ज्यानं त्या दिवशी स्वतःचं नाव ऐकून कान झाकले नव्हते. तो राग कुठंतरी काढायलाच हवा होता. माझं लग्न वावीशी ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी आई माझे केस विंचरत होती आणि मला शिकवत होती. दुसऱ्या आया लेकीला शिकवतात, नवऱ्याला काय आवडतं ते विचार, सासूच्या पाया पड. माझी आई म्हणाली, पहिले काही दिवस रडू नकोस, रडलीस की त्यांना चव लागते. सांगायच्या आधी कामाला लाग. मारायला आले तर डोकं सांभाळ, पाठ भरून येते. भाकरी करताना एक जास्तीची भाजून पिठात लपव, सगळे झोपल्यावर खा. कुणी मोकळेपणानं काही विचारलं तरी मोकळं उत्तर देऊ नकोस. एवढं सगळं ती शांतपणे सांगत होती, आणि विंचरत होती. मी एकाही गोष्टीला हो म्हटलं नाही. सकाळी होडी आली, मी बसले, वळून बघितलं नाही. ढोल नव्हताच.

फसलियाच्या आईनं त्या घरी जायचं नसतं. एकाच गावात, दोन होड्यांच्या अंतरावर, आम्ही कितीतरी वर्षं बोललो नाही. ती पाण्याच्या वाटेवर दिसायची, बोरूच्या भाऱ्याखाली वाकलेली. मी तोंड फिरवायचे. रिवाज म्हणून फिरवते, असं लोकांना वाटायचं.

वावीनं मला कधी मारलं नाही. मारायचं काम त्याच्या काकीनं उचललं होतं. तो गप्प माणूस, एका हातानं होडी हाकायचा, एका हातानं म्हशीचं दूध काढायचा. एकदा, दोन मुलं झाल्यावर, मी त्याला विचारलं, "अनफीश होता म्हणालास ना दोनदा? मग 'मला ही मुलगी नको' एवढं एक वाक्य का नाही म्हणवलं तुला?" त्यानं चहात साखर ढवळली. मग म्हणाला, "मला दुसरी कोण दिली असती? एका हाताच्या माणसाला?" खोटं बोलला असता तर मी त्याला खाल्ला असता. खरं बोलला, त्याचं काय करणार?

पुढं सरकारनं नद्यांना बांध घातले आणि आमचं पाणी तोडलं. एका वर्षात तळं आटलं. बोरू वाळला, पेटवला, म्हशी मेल्या. लोक तळाच्या भेगांवरून चालत मधोमध गेले, अनफीशची हाडं मिळतात का बघायला. होड्यांचे खिळे मिळाले, भाल्यांची पाती मिळाली, एक कॉफीची किटली मिळाली. काही म्हातारे अजून म्हणतात, तो आधीच दुसरीकडे गेला, जनावराला कळतं. म्हणोत बापडे.

आम्ही अमाराबाहेर, त्याच विटांच्या भट्ट्यांजवळ पत्र्याच्या खोलीत येऊन राहिलो. माझा भाऊ तिथं नव्हता, त्याला लढाईनं केव्हाच खाल्लं होतं. गाव मोडलं तसे गावाचे रिवाजही मोडले, आणि एक दिवस वावी कुठूनतरी माझ्या आईला पाठीवर घेऊन आला. एका हातानं तिचे दोन्ही पाय धरून. मला न विचारता. तिचे गुडघे साफ गेले होते.

मी तिला जेवायला घालत होते, न्हाऊ घालत होते, पण बोलत नव्हते. तीही मागं लागली नाही. मनातल्या मनात मी तिच्यासाठी एक सोय करून ठेवली होती. ती अशी, की तिला वाटलं असेल, पोर जिवंत बघून गदबान विरघळेल, माफ करेल. आशा होती तिला, चुकली बिचारी. याच्यावर मी इतकी वर्षं काढली होती. शेवटच्या आजारात, दुपारची वेळ होती, भट्टीचा धूर घरात येत होता, मी तिला भाकरी दुधात कुस्करून भरवत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुला तेव्हा माहीत नव्हतं ना आई? मला देतील म्हणून?"

तिनं घास गिळला. "माहीत होतं."

"थोडी तरी आशा असेल."

"नाही गं. मी त्यातूनच आलेली. मला कसं माहीत नसणार?"

माझ्या हातून दूध तिच्या गळ्यावर सांडलं. "मग का आणलंस त्याला?"

"तो माझं नाव घेत होता."

"मीपण घेत होते," मी म्हणाले. "त्याच होडीत. तुझ्यासमोर बसून. आई, आई म्हणत होते."

"हो," ती म्हणाली. "मला दोन्ही ऐकू येत होतं."